अर्ध्या किलोचा हिवाळा

नोव्हेंबरात आयर्लंडमधल्या गोठ्यात येणारे लिमोझिन किंवा शारोले जातीच्या वळणाचे वासरू साधारण आठ-नऊ महिन्यांचे असते. हिवाळा सरता सरता जन्मलेले, उन्हाळाभर आईमागे कुरणात हिंडलेले आणि नुकतेच दूध तोडलेले. वजन अडीचशे ते तीनशे किलो. पुढचे चार-पाच महिने ते रानात जाणार नाही, गव्हाणीत पडेल तेच खाणार. या वयाच्या जनावराला भरपूर खुराक घातला तर ते दिवसाला किलोभर वजन सहज धरते. खुराक बाजारात मिळतो, गोठा तयार असतो आणि जनावराला भूकही असते. तरीही मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या खच्ची गोऱ्ह्यांबद्दल तिथले शेती-सल्लागार वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत : पहिल्या हिवाळ्यात त्यांना दिवसाला अर्धा किलो, फार तर सहाशे ग्रॅम वाढू द्या, त्याहून जास्त नको. ज्याचे उत्पन्न जनावराच्या वजनावर अवलंबून आहे, त्यालाच वजन रोखून धरायला सांगणारा हा सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटा वाटतो. माझ्या मते तो बरोबर आहे. मात्र तो मोजून-मापून पाळला तरच बरोबर आहे. ‘कमी वाढू द्या’ आणि ‘दुर्लक्ष करा’ यांत फार थोडे अंतर असते. हिवाळी व्यवस्थापनाची सगळी कसोटी त्या अंतरात लागते.

आधी जनावरे गोठ्यात का येतात ते पाहू, कारण त्याबद्दल हमखास गैरसमज असतो. थंडीमुळे, असे आपल्याला वाटते. पण आयर्लंडचा हिवाळा युरोपच्या मानाने सौम्य आहे. जानेवारीचे सरासरी तापमान चार ते सात अंशांच्या आसपास राहते. कोरड्या केसाळ अंगाच्या आणि पोटभर खाणाऱ्या वासराला ही थंडी जाणवतही नाही. त्याच्या कोटीपोटात चारा आंबत असतो, त्यातून सतत उष्णता निघते आणि शून्याखालचे तापमानही ते सोसू शकते. खरा शत्रू पाऊस आहे. पश्चिमेकडे वर्षाला हजार ते चौदाशे मिलिमीटर आणि डोंगराळ भागात त्याहून अधिक पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो आणि हिवाळ्यात जमीन वाळतच नाही. तीनशे किलोच्या जनावराचा खूर ओल्या मातीत रुतला की गवताचे ठोंब चिरडतात, माती घट्ट होते आणि वसंतात त्या जागी गवताऐवजी चिखलाचे खड्डे उरतात. शिवाय मातीचे तापमान पाच-सहा अंशांखाली गेले की गवताची वाढ जवळपास थांबते. म्हणजे रानात खायला थोडे आणि तुडवायला भरपूर. जनावर गोठ्यात येते ते मुख्यतः कुरण वाचवण्यासाठी. देशाच्या शेतजमिनीपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन गवताखाली आहे आणि तयार होणाऱ्या गोमांसापैकी सुमारे नव्वद टक्के परदेशी जाते. अशा देशात गवत हेच मुख्य पीक असते आणि पीक तुडवू द्यायचे नसते.

हिशोबाचे मूळही इथेच आहे. जनावराने स्वतः चालत जाऊन खाल्लेले हिरवे गवत हा सर्वांत स्वस्त चारा. त्याला कापणी नाही, वाहतूक नाही, साठवण नाही आणि शेणही जागच्या जागी पडते. तेच गवत कापून त्याचा मुरघास केला की पोषणाच्या तेवढ्याच मापाला दोन-अडीच पट खर्च येतो. सातू, मका आणि सोयापेंडीचा विकतचा खुराक घेतला तर खर्च चौपटीच्या पुढे जातो. भाव दरवर्षी हलतात, पण ही उतरंड गेली कित्येक वर्षे बदललेली नाही. म्हणून वाढीचा प्रत्येक किलो शक्यतो एप्रिल ते ऑक्टोबरच्या गवतावर मिळवावा आणि हिवाळ्यात महागाचे किलो विकत घेऊ नयेत, इथवरचा तर्क कोणत्याही हिशोबी माणसाला पटेल. पण एवढ्यावर भागत नाही. हिवाळ्यात मागे पडलेले वासरू उन्हाळाभर मागेच राहणार असेल, तर स्वस्त गवताचा फायदा त्या मागासलेपणातच जिरून जाईल. सल्ला टिकतो तो शरीराच्या एका विलक्षण गुणधर्मामुळे.

वाढत्या वयाच्या जनावराला काही काळ कमी खायला मिळाले आणि नंतर भरपूर मिळाले, तर ते नुसते पूर्वीच्या वेगाने वाढत नाही. आधीपासून पोटभर खात आलेल्या आपल्या जोडीदारापेक्षाही ते अधिक वेगाने वाढते. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उंदरांवर हे पाहिले. गुरांच्या बाबतीत व्ही. आर. बोहमन यांनी 1955 मध्ये हा विषय मांडला आणि त्याला आज रूढ असलेले इंग्रजी नाव दिले. या वाढीला आपण भरपाईची वाढ म्हणू. बोहमन यांचा अभ्यास उशिरा कापलेल्या, जून झालेल्या वाळल्या गवताचा होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण हिवाळी चाऱ्याचा प्रश्न आजही तिथेच येऊन थांबतो. या वाढीमागे दोन-तीन कारणे एकत्र काम करतात. अन्न कमी असताना यकृत आणि आतडी आकसतात. हे अवयव वजनाने लहान असले तरी शरीराची बरीच ऊर्जा तेच खातात. ते आकसले की जगण्यापुरता लागणारा रोजचा खर्च कमी होतो. मग अचानक कोवळे गवत मिळाले की खर्च काही आठवडे कमीच राहतो, खाणे मात्र वाढते आणि मधली सगळी ऊर्जा वाढीला लागते. शिवाय ही वाढ सुरुवातीला मुख्यतः स्नायूंची असते. स्नायूत पाणी पुष्कळ असते, त्यामुळे एक किलो स्नायू तयार करायला एक किलो चरबीपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. हिवाळ्यात खुराकावर गुबगुबीत झालेले वासरू चरबी घेऊन रानात येते आणि गवतावर मंदावते. सडपातळ वासरू तिथेच झपाटते.

आकड्यांत सांगायचे तर नोव्हेंबरात 280 किलोची दोन वासरे धरू. 130 दिवसांच्या हिवाळ्यात एक रोज अर्धा किलो वाढले, दुसरे एक किलो. मार्चअखेर पहिले 345 किलोचे, दुसरे 410 किलोचे. फरक 65 किलोंचा. हा फरक डोळ्यांना इतका स्पष्ट दिसतो की शेजारच्या गोठ्यातले वासरू पाहून कुणाचाही धीर सुटावा. पण पुढच्या चराईत या फरकाचा मोठा वाटा भरून निघतो. मीथ परगण्यातल्या ग्रेंज इथल्या संशोधन केंद्रात मांसाळ गुरांवर दीर्घकाळ काम चालले आहे आणि तिथल्या सल्ल्याचा पायाच हा आहे. दोन-तृतीयांश फरक भरला असे धरले तर शरद ऋतूत उरतात वीसेक किलो. एवढ्यासाठी दुसऱ्या वासराला हिवाळाभर रोज अडीच-तीन किलो खुराक जास्त घालावा लागला. म्हणजे साडेतीनशे किलोंच्या आसपास खुराक आणि टनाला 300 युरो धरले तर शंभर युरोंच्या पुढचा खर्च. त्याने वाचवलेला थोडा मुरघास वजा केला तरी वीस किलो जिवंत वजनाला, म्हणजे दहा-अकरा किलो मांसाला, ही किंमत जड आहे. मांसाचे भाव फार चढले आणि खुराक स्वस्त झाला तर ही दरी अरुंद होते हे खरे, आणि तशा वर्षी हिशोब पुन्हा मांडायला हवा.

भरपाई पूर्ण होत नाही हेही इथेच नोंदवले पाहिजे. पहिल्या काही दिवसांत वजनकाट्यावर जी उडी दिसते, तिच्यातला काही भाग तर निव्वळ पोटात जास्त चारा साठल्याचा असतो. आणि भरपाईला अटी आहेत. पहिल्या तीन-चार महिन्यांत, दुधाच्या वयात झालेली उपासमार भरून निघेलच याची खात्री नसते. तिचा खुजेपणा अनेकदा कायमचा राहतो. उपासमार फार लांबली किंवा वाढ शून्यावर गेली तरी तेच. अर्धा किलो हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्या वेगाने हाड लांबत राहते, सांगाडा वाढत राहतो आणि फक्त चरबीची भर थांबते. दिवसाला दोनशे ग्रॅमवर अडकलेले वासरू बाहेरून तसेच सडपातळ दिसते, पण त्याने वर्षाचा तिसरा हिस्सा गमावलेला असतो. आपल्याकडच्या कोरडवाहू भागातल्या कालवडीचे हेच होते. महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही 2015 पासून बंदी आहे, तेव्हा मांसासाठी गोऱ्हे वाढवण्याचा प्रश्न इथे येत नाही, पण वाढत्या शरीराचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. पावसाळ्यात गुरे भरतात हे आपल्या प्रत्येक गुराख्याला माहीत आहे, आणि ती भरपाईचीच वाढ असते. पण इथे कमतरता वासराच्या दुधापासून सुरू होते आणि उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर येऊन ठेपते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात. कोटीपोटातल्या जिवाणूंना तग धरायला चाऱ्यात सातेक टक्के प्रथिने लागतात. ती नसली की जिवाणू उपाशी राहतात, चारा पचत नाही, जनावर खाणेही कमी करते आणि गव्हाण भरलेली असताना वाढ थांबते. गावठी कालवडीचे पहिले वेत साडेतीन-चार वर्षांवर जाते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तिच्या वाट्याला येणारी टंचाई कुणी ठरवून, मापून दिलेली नसते. दूध तोडल्यानंतर पेंडीचा एक ओंजळभर आधारही तिथे फरक पाडतो.

आयर्लंडमध्ये हे माप ठरते ते हिवाळ्याच्या पाच-सहा महिने आधी, मुरघासाचे गवत कोणत्या दिवशी कापले त्यावरून. मे महिन्याच्या अखेरीस रायगवताचे रान पाहिले तर ते पानांनी दाट असते, देठ मऊ असतात आणि तुरे नुकते पोटरीत असतात. तीन आठवड्यांनी त्याच रानात तुरे बाहेर आलेले असतात, देठ वाळक्या काडीसारखे ताठ झालेले आणि बुडाशी पाने पिवळी पडून कुजू लागलेली. वजनाने पीक वाढलेले असते, म्हणून थांबण्याचा मोह होतो. पण या काळात पचनीयता आठवड्याला सुमारे तीन टक्क्यांनी घसरते. मे अखेरच्या गवताची पचनीयता बहात्तरच्या वर असेल तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती साठीच्या पहिल्या आकड्यांवर येते. पहिल्या मुरघासावर वासराला रोज किलोभर खुराक दिला की अर्ध्या किलोची वाढ मिळते, कधी त्याहून कमीही पुरतो. दुसऱ्यावर त्याच वाढीसाठी दोन किलो किंवा अधिक घालावा लागतो. शंभर वासरांमागे हिवाळ्याला दहा-पंधरा टन खुराकाचा हा फरक केवळ कापणीच्या तारखेतून येतो. म्हणूनच मुरघासाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्यावर तिथे भर असतो. रंग आणि आंबूस वास चांगला असला तरी पचनीयता डोळ्यांनी कळत नाही. तपासणीचा आकडा हाती नसताना खुराक ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम, आणि त्यात चूक बहुधा वासराच्या विरुद्ध होते. प्रथिनांचेही तसेच. गाभण गाईला चालणारा चारा वाढत्या वासराला पुरत नाही, म्हणून त्याच्या खुराकात चौदा ते सोळा टक्के प्रथिने असावीत असे सांगतात.

सरासरी अर्धा किलो म्हणजे प्रत्येकाला अर्धा किलो नव्हे, आणि मला या सगळ्या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग हाच वाटतो. खुराक मोजका असतो तेव्हा गव्हाणीवर गर्दी होते. दांडगी वासरे डोके घालून उभी राहतात, मागची दोन-तीन नुसती फिरत राहतात आणि खुराक संपल्यावर पुढे येऊन उरलासुरला मुरघास चघळतात. दांडगी रोज आठशे ग्रॅम वाढतात, मागची शंभर ग्रॅम. कागदावर सरासरी बरोबर येते आणि गोठ्यात दोन-तीन वासरे खंगत जातात. उपाय साधे आहेत, पण ते करावे लागतात. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी गव्हाण हवी, म्हणजे प्रत्येकी चाळीस ते पन्नास सेंटीमीटर. वजनाप्रमाणे गट पाडायला हवेत, लहानखुरी वासरे वेगळ्या खणात बांधून त्यांना थोडा जास्त खुराक द्यायला हवा. पाण्याची टाकी स्वच्छ हवी, कारण पाणी कमी पडले की चारा खाणे आपोआप घटते. आणि वजन करायला हवे. नोव्हेंबर, जानेवारी आणि बाहेर सोडताना, असे तीनदा काट्यावर घेतले तरी पुरते. हिवाळ्यात केस इतके वाढतात की फासळ्या दिसतच नाहीत. हात लावून कमरेच्या हाडांवरचे मांस चाचपल्याशिवाय वासरू उतरते आहे की सावरते आहे हे कळत नाही.

खाणे मोजके असलेल्या जनावराला आजार आणि जंत यांसाठी द्यायला काही शिल्लक नसते, म्हणून या पद्धतीत आरोग्याची बाजू आणखी कडक ठेवावी लागते. उन्हाळाभर ओल्या रानात चरलेले वासरू पोटातले जंत, फुप्फुसातले जंत आणि यकृतातले पर्णकृमी सोबत घेऊनच गोठ्यात येते. पोटातल्या जंतांची एक जात तर शरद ऋतूत जठराच्या अस्तरात अर्धवट वाढून निजून राहते आणि हिवाळा सरताना एकदम हजारोंनी बाहेर पडते. तेव्हा हिरवट पातळ हगवण लागते आणि महिनाभराची वाढ काही दिवसांत निघून जाते. म्हणून गोठ्यात घेताना द्यायचे औषध त्या निजलेल्या अळ्यांवरही चालणारे हवे. पर्णकृमींचे गणित उलट आहे. त्यांवरची बरीच औषधे फक्त पूर्ण वाढलेल्या कृमींना मारतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी दिलेला डोस वाया जातो. तो काही आठवडे थांबूनच द्यावा लागतो. श्वसनरोगाचा धोका सर्वांत मोठा असतो तो दूध तोडण्याच्या सुमारास. आईपासून तोडणे, गोठ्यात घालणे, शिंगे काढणे आणि खच्ची करणे ही चारही कामे एकाच आठवड्यात उरकली तर वासराची प्रतिकारशक्ती कोलमडते आणि विषाणूंना वाट मोकळी होते. आधीपासून रानातच थोडा खुराक चाखवावा, आया थोड्या थोड्या करून वेगळ्या कराव्यात आणि गोठा वरून मोकळा ठेवावा. जनावरांच्या अंगातून निघणारी दमट गरम हवा छताच्या कण्यातून बाहेर जायला हवी आणि खालून येणारी ताजी हवा थेट वासराच्या पाठीवर आदळता कामा नये. वासराला ऊब मिळावी म्हणून गोठा चहूबाजूंनी बंद करणारा माणूस त्याला न्यूमोनियाच्या तोंडी देतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप दयेचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. वाढू शकणाऱ्या मुक्या जिवाला मुद्दाम कमी वाढू देणे ही क्रूरता नाही का? वासराला उपाशी ठेवले जात असते तर ती क्रूरता असती, यात मला शंका नाही. पण या पद्धतीत मुरघास पोटभर असतो, दिवसभर समोर असतो. मोजका असतो तो फक्त दाणा. पोट भरलेले, रवंथ करत बसलेले आणि रोज अर्धा किलो वाढणारे जनावर भुकेले नसते. उलट कमी चाऱ्यावर भरपूर दाणा घातला तर कोटीपोटात आम्ल वाढते, खुरांना सूज येते आणि दुखणी मागे लागतात. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट तंतुमय चाऱ्यासाठी घडलेले आहे. मला क्रूरता दिसते ती वाईट मुरघासावर, खुराकाशिवाय, गर्दीच्या गोठ्यात हिवाळा काढायला लावण्यात, आणि तिला ‘उन्हाळ्यात भरून निघेल’ असे सोयीचे नाव देण्यात.

दुसरा आक्षेप हवामानाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आयर्लंडच्या हरितवायू उत्सर्जनात शेतीचा वाटा एक-तृतीयांशाहून जास्त आहे. 2018 च्या तुलनेत 2030 पर्यंत शेतीचे उत्सर्जन 25 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे. जनावर जितके दिवस जगते तितके दिवस मिथेन सोडते. मांसासाठी वाढवलेली गुरे आज सरासरीने दोन वर्षांपेक्षा काही महिने अधिक जगतात आणि हे वय खाली आणणे हा सरकारी योजनेचा एक भाग आहे. मग हिवाळ्यात संथ वाढवणे म्हणजे दिवस वाढवणेच झाले, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे, आणि त्यामुळे माझ्या मते रेषा थोडी वर सरकायला हवी. अँगस किंवा हेरफर्ड वळणाचे लवकर भरणारे वासरू पहिल्या हिवाळ्यात सहाशे-सातशे ग्रॅम वाढले तर दुसरा हिवाळा लागण्याआधीच, गवतावरूनच ते तयार होऊ शकते. वाचणारे दिवस खरे तिथे आहेत, दुसऱ्या महागड्या हिवाळ्यात. पण हे जादाचे शंभर-दोनशे ग्रॅम चांगल्या मुरघासातून यावेत, खुराकाच्या पोत्यातून नव्हे. आयर्लंड आपल्या पशुखाद्याचा मोठा भाग आयात करतो. दूरदेशी पिकलेला मका आणि सोया वासराच्या पोटात घालून मिथेनचे दिवस वाचवताना त्या शेताचे आणि त्या जहाजाचे उत्सर्जनही मोजावे लागेल. देशाच्या सरासरीला खाली खेचणारी गुरे बहुधा अर्धा किलो वाढणारी नसतात. ती असतात हिवाळाभर दोनशे ग्रॅमवर अडकलेली.

तिसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे : गवत वेळेवर आलेच नाही तर? 2013 च्या वसंतात थंडी हटलीच नाही, साठवलेला चारा संपला आणि परदेशातून गवत आणावे लागले. 2018 मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या सुरुवातीला बर्फाचे वादळ आले, वसंत लांबला आणि त्यामागोमाग उन्हाळ्यात कोरड पडली. भरपाईची वाढ ही गवताच्या भरवशावर काढलेली उचल आहे. गवतच आले नाही तर ती फेडता येत नाही. याला उत्तर खुराक वाढवणे हे नव्हे. उत्तर आहे महिनाभराचा जास्तीचा मुरघास गाठीशी ठेवणे आणि तेवढा नसेल तर शरद ऋतूतच काही जनावरे विकून टाकणे. विकणाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगायला हवे की भरपाईचा फायदा ज्याच्याकडे गवत आहे त्यालाच मिळतो. मार्चच्या बाजारात वासरे विकून टाकणारा शेतकरी सडपातळ वासरू वाढवतो आणि त्याची झपाट्याची वाढ घेणारा घेऊन जातो. जाणकार घेणारे वसंतात हाडापेराने मोठी, अंगाने हलकी वासरेच शोधत असतात, तेव्हा थोडीफार किंमत त्यालाही मिळते, पण सगळी नाही. हा सल्ला सरसकट नाही हे अशा ठिकाणी कळते. पंधरा-सोळा महिन्यांत तयार करायच्या वळूंना तो लागू नाही, कारण त्यांच्या पुढे चराईचा पूर्ण हंगामच नसतो आणि त्यांना सतत वेगाने वाढावे लागते. दोन वर्षांच्या वयात विणार असलेल्या कालवडीलाही थोडे अधिक द्यावे लागते, कारण पंधराव्या महिन्यात फळताना तिचे वजन पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ टक्क्यांवर पोचलेले हवे.

जानेवारीच्या काट्यावर वासरे तीनशे ग्रॅमवर आढळली तर काय करायचे, हे ठरलेले असावे : त्याच आठवड्यात खुराक वाढवायचा, मुरघास पुन्हा तपासायचा, शेणाचा नमुना जंतांसाठी पाठवायचा. नऊशे ग्रॅमवर आढळली तर खुराक निम्मा करायचा, कारण ती चरबी पुढे आडवी येणार आहे. सगळे ठीक असेल तर बाहेर सोडण्याच्या चार-सहा आठवडे आधी खुराक बंद करून फक्त मुरघासावर आणायचे, म्हणजे कोटीपोट तंतूंवर स्थिरावते आणि गवतावरची झेप पूर्ण मिळते. मग मार्च उजाडला की सगळा कळप एकदम सोडण्याची वाट पाहायची नाही. सर्वांत हलकी वासरे आधी, कारण त्यांचे खूर माती कमी तुडवतात आणि त्यांनाच गवताची गरज जास्त असते. रान उताराचे, निचऱ्याचे आणि गोठ्याजवळचे निवडायचे. गवत घोट्याइतके असले तरी पुरते. तीन दिवस संततधार लागली तर त्यांना परत आत घ्यायला लाज वाटू द्यायची नाही. तीन आठवडे लवकर बाहेर पडलेले वासरू ऐंशी टक्क्यांच्या वर पचनीयतेचे आणि वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचे गवत खाते. असा चारा कोणत्याही मुरघासाच्या खड्ड्यातून निघत नाही, आणि त्या तीन आठवड्यांचा मुरघास पुढच्या वर्षीच्या लांबलेल्या वसंतासाठी शिल्लक राहतो.